पाणी पास, मादी धडधाकट, पिल्लं वाकडी

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात बेलूज लेक नावाचा एक मानवनिर्मित तलाव आहे. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राला थंड पाणी मिळावं म्हणून तो बांधला. १९७४ पासून केंद्राच्या राखतळ्यातलं निवळलेलं पाणी या तलावात यायला लागलं. त्यातून कोळशाच्या राखेतलं सेलेनियम हे खनिज आलं. तलावाच्या पाण्यात त्याचं प्रमाण लिटरला सरासरी १० मायक्रोग्रॅमच्या आसपास होतं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानं घालून दिलेली मर्यादा नेमकी तेवढीच आहे. म्हणजे माणसाला प्यायला चालेल असं पाणी. तरीही काही वर्षांत तलावातल्या २० माशांच्या जातींपैकी १९ हातच्या गेल्या. गॅम्बुसिया, म्हणजे आपल्याकडे डासांच्या अळ्या खायला सोडतात तो चिवट मासा, तेवढा टिकला.

मासे एकाएकी मेले नव्हते. तरंगणारी प्रेतं नव्हती, वास नव्हता. सुरुवातीला जाळ्यात मोठे मासे येतच होते. त्यांच्या मागची पिढी तेवढी येत नव्हती. मासे म्हातारे होत गेले आणि संपले.

खाण्यातून जाणाऱ्या खनिजांच्या अतिरेकाचा माशांच्या गर्भावर काय परिणाम होतो याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही. म्हणून ही पोस्ट सेलेनियमवर. तांबं आणि जस्त यांच्याबद्दलही लिहिलं आहे, पण त्यांची तऱ्हा निराळी आहे आणि तो फरक कळला नाही तर चाचणी चुकीच्या ठिकाणी होते.

गरज आणि विष यांच्यातली अरुंद पट्टी

सेलेनियम माशाला लागतंच. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे पेशींचं ऑक्सिडीकरणापासून रक्षण करणारं एन्झाइम त्याशिवाय बनत नाही. ट्राउट, कॅटफिश अशा अभ्यासलेल्या माशांना कोरड्या खाद्याच्या किलोमागे साधारण ०.१५ ते ०.४ मिलिग्रॅम पुरतं. आणि किलोला ३ मिलिग्रॅमच्या पुढे, तेही सेंद्रिय रूपात, रोज मिळत राहिलं की प्रजननावर परिणाम व्हायची शक्यता सुरू होते. गरजेपासून धोक्यापर्यंतचं अंतर जेमतेम दहापट. तुलनेला तांबं घ्या: ट्राउटची गरज किलोला ३ मिलिग्रॅम, आणि खाद्यात शेकडो मिलिग्रॅम झाल्याशिवाय वाढीवर उघड परिणाम दिसत नाही. जास्तीचं तांबं यकृत धरून ठेवतं, पित्तावाटे बाहेर टाकतं. सेलेनियमच्या बाबतीत मादीच्या शरीराची ही पहारेदारी ढिली पडते, कारण ते अमिनो आम्लाच्या वेषात येतं.

ते कसं, तर पाण्यात विरघळलेलं सेलेनियम सेलेनाइट किंवा सेलेनेट या रूपांत असतं. शेवाळ आणि जिवाणू ते उचलतात आणि त्याचं सेलेनोमेथिओनीन करतात, म्हणजे गंधकाच्या जागी सेलेनियम असलेलं मेथिओनीन हे अमिनो आम्ल. पूर्ण साखळीतली सगळ्यात मोठी उडी हीच. पाण्यातून शेवाळात जाताना प्रमाण शेकडो ते लाखो पट वाढतं. तिथून पुढे कीटकांच्या अळ्या, लहान मासे, मोठे मासे अशी वाढ होते खरी, पण ती काही पटींचीच असते. साचलेल्या पाण्यात ही पहिली उडी जास्त मोठी असते, कारण तिथे सेलेनाइट जास्त असतं, गाळात सेलेनियम मुरतं आणि तळातल्या किड्यांमार्फत पुन्हा वर येतं. वाहत्या नदीत तेवढंच सेलेनियम असूनही माशात कमी सापडतं ते याचमुळे. पाण्यात सल्फेट भरपूर असेल तर सेलेनेटचा शिरकाव कमी होतो, दोघं एकाच दारातून आत जातात म्हणून.

सेलेनोमेथिओनीन मादीच्या पोटात गेलं की तिच्या पेशी त्याला साधं मेथिओनीनच समजतात. जिथे मेथिओनीन बसायचं तिथे हे बसतं. अंडी पिकायच्या काळात मादीचं यकृत व्हिटेलोजेनिन हे प्रथिन मोठ्या प्रमाणात बनवून रक्तात सोडतं, अंडाशय ते ओढून घेतं आणि त्याचं बलक होतं. त्या बलकात सेलेनियम आयतं पोचतं. मादीला स्वतःला फारसं काही होत नाही. तिनं आपला बोजा पुढच्या पिढीकडे सरकवलेला असतो.

अंडं फलित होतं, पेशी विभागतात, हृदय धडधडतं, पिल्लू वेळेवर बाहेरही येतं. इथपर्यंत बहुतेक वेळा सगळं ठीक दिसतं, आणि इथेच बरेच जण मोजणी थांबवतात. खरी भानगड पिल्लू बलक पचवायला लागल्यावर सुरू होते. बलकातलं सेलेनोमेथिओनीन सुटं होतं, त्यापासून मिथाइलसेलेनॉल तयार होतं आणि त्याच्या अभिक्रियेतून सुपरऑक्साइड हे पेशींना इजा करणारं प्राणवायूचं रूप निर्माण होतं. सेलेनियम गंधकाच्या जागी बसून प्रथिनांच्या घड्या बिघडवतं हे जुनं स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांत अजून सापडतं. मला ते अपुरं वाटतं. सेलेनोमेथिओनीन मेथिओनीनच्या जागी बसलं तरी प्रथिनाची घडी फारशी बदलत नाही, कारण घडी धरून ठेवणारे गंधकाचे डायसल्फाइड बंध मेथिओनीन बांधतच नाही. ऑक्सिडीकरणाच्या ताणाचं स्पष्टीकरण परिणाम कधी दिसतो या वेळापत्रकाशीही जुळतं.

दिसतं काय? कणा तीन तऱ्हांनी वाकतो: आत खचतो, कुबड निघतं किंवा बाजूला नागमोडी होतो. खालचा जबडा आखूड किंवा उघडा राहतो, डोकं चपटं किंवा लहान होतं. पर अर्धवट किंवा गायब. हृदयाभोवती आणि बलकपिशवीत पाणी साचून पिल्लू फुग्यासारखं दिसतं, डोळे बाहेर येतात. यांतली सूज कधी कधी उतरते. कणा आणि जबडा सुधारत नाहीत. जबडा मिटत नसलेल्या पिल्लाला बलक संपल्यावर खाता येत नाही, आणि ते मरतं तेव्हा कारण म्हणून उपासमार लिहिली जाते.

आकडा अंड्यातला बघायचा

बेलूज लेकनंतर या विषयातला विचार हळूहळू पाण्याकडून अंड्याकडे सरकला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा १९८७ चा निकष पाण्यापुरता होता: लिटरला ५ मायक्रोग्रॅम. २०१६ मध्ये त्यांनी तो बदलला आणि अंडी किंवा अंडाशयातल्या सेलेनियमला पहिला मान दिला. कोरड्या वजनाच्या किलोला १५.१ मिलिग्रॅम. अंडी मिळत नसतील तर पूर्ण माशात ८.५ किंवा स्नायूत ११.३. पाण्याचा आकडा शेवटी येतो, साचलेल्या पाण्यासाठी १.५ आणि वाहत्यासाठी ३.१ मायक्रोग्रॅम. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाची मार्गदर्शक पातळी अंड्यासाठी ११ आहे. तिथे एल्क नदीच्या खोऱ्यात कोळशाच्या खाणींचा हाच प्रश्न अजून चालू आहे.

जातीजातीत फरक मोठा आहे. ब्लूगिलच्या अंड्यात किलोला २० मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की परिणाम मोजता येतो. नॉर्दर्न पाइक तिशी पार होईपर्यंत टिकतो, डॉली व्हार्डन नावाचा, ट्राउटच्या भावकीतला ‘चार’ (char) मासा पन्नाशी ओलांडतो. एकदा उंबरठा ओलांडला की मात्र आलेख सरळ कड्यासारखा आहे. थोडक्या वाढीत विकृत पिल्लांचं प्रमाण नगण्यवरून बहुसंख्येवर जातं. त्यामुळे ‘थोडं जास्त आहे, थोडा परिणाम होईल’ हा हिशेब इथे लागू होत नाही. रोहू-कटलाला परदेशी माशांचे हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. दिशा दाखवायला ते पुरेसे आहेत.

झेब्राफिशवर करून बघायचं असेल तर

झेब्राफिश हा मूळचा आपल्याच उपखंडातला, मत्स्यालयाच्या दुकानात सहज मिळणारा मासा. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्याच्यावर काम चालतं. गर्भ पारदर्शक असल्यामुळे विकृती थेट दिसतात. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत नेहमीची पद्धत म्हणजे फलित अंडी घ्यायची, खनिजाच्या द्रावणात ९६ तास ठेवायची आणि मेलेली मोजायची. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २३६ क्रमांकाची प्रमाणित चाचणी अशीच आहे. तांब्यासाठी ती उत्तम. सेलेनियमसाठी ती जवळजवळ निरुपयोगी, कारण अंड्याच्या कवचातून पाण्यातलं सेलेनियम फारसं आत जात नाही आणि निसर्गात ते त्या वाटेनं येतही नाही. या चाचणीत परिणाम दिसायला मात्रा इतकी वाढवावी लागते की निष्कर्षाचा खऱ्या तळ्याशी संबंध उरत नाही. तेव्हा माद्यांना खाऊ घालावं लागतं.

खाद्याच्या चार पातळ्या पुरतात: काही न मिसळलेलं, आणि किलोला ३, १० व ३० मिलिग्रॅम सेलेनियम वाढवलेलं. शुद्ध सेलेनोमेथिओनीनमध्ये वजनानं सुमारे ४० टक्के सेलेनियम असतं. म्हणून किलोला १० मिलिग्रॅम सेलेनियम हवं तर सेलेनोमेथिओनीन २५ मिलिग्रॅमच्या जवळपास लागतं, २०० ग्रॅम खाद्याला ५ मिलिग्रॅम. एवढंसं कोरडं मिसळलं तर एका चिमटीत विष आणि दुसऱ्या चिमटीत काहीच नाही अशी गत होते. आधी ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून घ्यावं, जिलेटिनबरोबर कालवावं, पातळ पसरून मंद उष्णतेवर वाळवावं, दळून चाळावं आणि उणे २० अंशांवर ठेवावं. न मिसळलेल्या गटाचं खाद्यही तसंच भिजवून, तसंच वाळवावं. हा पदार्थ विषारी आहे. वजन करताना हातमोजे आणि मास्क हवेच.

मिसळल्यावर खाद्य तपासायला पाठवायचं, कारण कागदावरचा आकडा आणि खाद्यातला आकडा क्वचितच जुळतो. तथाकथित शून्य गटही शून्य नसतो. मासळीच्या कुटीत मुळातच किलोला १ ते ४ मिलिग्रॅम सेलेनियम असतं.

माद्यांना हे खाद्य ६० ते ९० दिवस द्यावं. झेब्राफिशच्या अंडाशयात एकाच वेळी सगळ्या अवस्थांची अंडी असतात, त्यामुळे आठवडाभर खाऊ घालून काढलेली पहिली अंडी जुन्या बलकाचीच असतात. आधीची पिकलेली अंडी एकदोनदा काढून टाकावीत. खाद्य दिवसाला शरीराच्या वजनाच्या ३ ते ५ टक्के, दोन-तीन वेळा विभागून, पाच मिनिटांत संपेल इतकंच. उरलेलं पाण्यात सेलेनियम सोडतं, म्हणून लगेच काढायचं.

आदल्या संध्याकाळी नर-मादी जाळीच्या तळाच्या डब्यात ठेवले की सकाळी दिवा लागल्यावर तास-दोन तासांत अंडी मिळतात. धुवायची, अफलित काढायची आणि ई-थ्री माध्यमात (गर्भ वाढवायचं क्षारांचं पातळ द्रावण) २८.५ अंशांवर, एका पेट्री डिशमध्ये ५० पेक्षा जास्त नाहीत अशी ठेवायची. मेलेली रोज काढायची, नाहीतर बुरशी शेजाऱ्यांना धरते. ४८ ते ७२ तासांत पिल्लं बाहेर येतात. मोजणी तिथे न थांबवता बलक संपेपर्यंत, म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत न्यावी. त्या दिवशी पिल्लांना गुंगीचं औषध (ट्रायकेन, लिटरला सुमारे १६० मिलिग्रॅम, सोडा घालून सामू ७ ला आणलेलं) देऊन एकेक बघायचं: कणा, चेहरा, पर, सूज. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. कोणती डिश कुठल्या गटाची हे बघणाऱ्याला माहीत नसावं. हा नियम पाळला नाही तर निकालाला अर्थ नाही, कारण ‘थोडासा वाक’ हा बघणाऱ्याच्या अपेक्षेनुसार दिसतो.

शून्य गटातही काही पिल्लं वाकडी निघतात. ती शंभरात पाच-सहाच्या वर जायला लागली तर आधी घरात शोधावं: तापमान वर गेलं का, प्राणवायू कमी पडला का, माद्यांच्या खाद्यात क जीवनसत्त्व आहे का. क जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं वाकणारा कणा आणि सेलेनियमनं वाकणारा कणा सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखता येत नाहीत. पाण्यावर तेलकट थर असला तर वायुपिशवी भरत नाही आणि पिल्लं तळाशी पडतात. ती विकृती म्हणून मोजू नयेत.

त्याच वीणीतली काही अंडी सेलेनियम मोजायला राखून ठेवावीत. झेब्राफिशचं अंडं इतकं हलकं की शेकडो एकत्र केल्याशिवाय नमुना होत नाही. नायट्रिक आम्लात बंद भांड्यात, मायक्रोवेव्हवर विरघळवणं बरं. उघड्या भांड्यात जोरात तापवलं तर सेलेनियम उडून जातं. मूलद्रव्यं वस्तुमानावरून मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रावर मोजताना अर्गॉनचे जोडरेणू ८० आणि ७८ या वस्तुमानांवर सेलेनियमची नक्कल करतात, तेव्हा प्रयोगशाळेकडे हे जोडरेणू वगळणाऱ्या टक्कर-कक्षाची (collision cell) सोय आहे ना हे आधी विचारा. आणि अहवालात वजन ओलं की कोरडं ते लिहून घ्या. अंड्यात पाणी भरपूर असतं. ओल्या वजनाचा ५ हा आकडा कोरड्याच्या १५.१ शी ताडून कुणी निश्चिंत होतं, प्रत्यक्षात ती अंडी मर्यादेपलीकडे गेलेली असू शकतात.

बीज केंद्रातला तराजू

आपल्याकडच्या मत्स्यबीज केंद्रात राखतळ्याचं पाणी नसतं, पण प्रजनक माशांच्या खाद्यात खनिज मिश्रण असतं, आणि ‘अंडी चांगली पडावीत’ म्हणून हात सैल सुटतो. हिशेब बघा. टनभर खाद्यात किलोला ०.३ मिलिग्रॅम सेलेनियम घालायचं म्हणजे एकूण ०.३ ग्रॅम. सोडियम सेलेनाइटमध्ये सेलेनियम सुमारे ४५.७ टक्के, म्हणून टनाला ०.६६ ग्रॅम सेलेनाइट. ग्रॅमपर्यंतच दाखवणाऱ्या तराजूवर हे तोलताच येत नाही. दशांश चिन्ह एक घर सरकलं आणि ६.६ ग्रॅम पडले की खाद्य थेट ३ मिलिग्रॅमवर. म्हणून शुद्ध क्षार केंद्रात ठेवूच नये. विरळ मिश्रण घ्यावं, आणि त्याच्यावरचा मजकूर नीट वाचावा. ‘१ टक्का सेलेनियम’ असेल तर टनाला ३० ग्रॅम, ‘१ टक्का सोडियम सेलेनाइट’ असेल तर ६६ ग्रॅम. दोन्ही पुडे दिसायला सारखेच. सेलेनियम यीस्ट किलोला २,००० मिलिग्रॅमचं असेल तर टनाला १५० ग्रॅम पुरतं. पण यीस्टमधलं सेलेनियम मुख्यतः सेलेनोमेथिओनीनच आहे, अंड्यात ते सेलेनाइटपेक्षा सहज उतरतं. त्याला ‘नैसर्गिक’ म्हणून जास्त सुरक्षित समजणं उलटं आहे.

त्याआधीचा प्रश्न: घालायची गरज आहे का? खाद्यात ३० टक्के मासळीची कुटी असेल आणि तिच्यात किलोला २ मिलिग्रॅम असेल, तर ०.६ मिलिग्रॅम आधीच आलं. ते सगळं पचत नाही हे खरं, पण युरोपीय महासंघानं पूर्ण खाद्यासाठी घातलेली एकूण मर्यादाच ०.५ आहे. कुटी नसलेल्या, भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड यांच्या खाद्याची गोष्ट वेगळी, तिथे थोडी भर घालायला हरकत नाही. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहरच्या काही गावांतली जमीन सेलेनियमयुक्त आहे, आणि अशा जमिनीतलं धान्य नि कोंडा सेलेनियम बरोबर घेऊन येतो. कोंडा कुठून येतो हे विचारायला पैसे पडत नाहीत.

चूक लक्षात आली तर खाद्य बदलून पुढच्या आठवड्यात फरक पडणार नाही. रोहू, कटला, मृगळ पावसाळ्यात वितात, बलक त्याआधीचे काही महिने भरत असतं. प्रजनकांचं खाद्य फेब्रुवारीच्या आतच सुधारलेलं हवं. जूनमध्ये केलेली दुरुस्ती पुढच्या वर्षीच्या कामाची.

तांबं आणि जस्त यांचं उलट. त्यांचा अतिरेक मादीच्या खाद्यातून अंड्यात फारसा पोचत नाही. गर्भाला त्रास होतो तो पाण्यातून. तांबं लिटरला काही दहा मायक्रोग्रॅम असलं तरी नुकत्या बाहेर आलेल्या पिल्लाच्या अंगावरच्या संवेदनपेशी मरतात. कवच विरघळवणारं एन्झाइम मंदावलं की पिल्लं उशिरा फुटतात किंवा आतच गुदमरतात. शेवाळ मारायला टाकलेला मोरचूद, पितळी तोट्या, तांब्याची नळी, गॅल्व्हनाइज्ड पाइप आणि ट्रे हे संशयित. कोकणातल्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी मऊ असतं, तिथे हा त्रास जास्त. देशावरच्या बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम या धातूंना कल्ल्यांशी अडवतं. थोडक्यात, उबवणीच्या टाकीत पाइप बदलल्यावर त्रास सुरू झाला तर पाणी तपासा. पाणी, पाइप सगळं तेच असताना एकाच तळ्यातल्या माद्यांची पिल्लं वाकडी निघत असतील तर खाद्य आणि अंडी.

तपासणीला महाग यंत्र लागत नाही. गोल हॅचरीत रोहूची अंडी १४ ते १८ तासांत फुटतात, तीन दिवसांत बलक संपतं आणि मत्स्यजिरे, म्हणजे तीनेक दिवसांची पिल्लं, विकायला तयार होतात. विकृत पिल्लं पोहू शकत नाहीत, तळाशी बसतात आणि साफसफाईत वाहून जातात. वरच्या थरातून काढलेल्या नमुन्यात सगळं निरोगी दिसतं. म्हणून तिसऱ्या दिवशी, टाकी धुण्याआधी, तळाचं आणि वरचं पाणी वेगवेगळं काढून प्रत्येकी दोनशे पिल्लं पांढऱ्या ताटलीत दहापट भिंगाखाली बघावीत, आणि मादीगणिक वेगळी नोंद ठेवावी. सगळ्या माद्यांची पिल्लं एकत्र झाली की कारण शोधायची वाट बंद होते.

चंद्रपूर किंवा कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांच्या राखतळ्यांजवळच्या तलावांत कुणाला हाच प्रश्न तपासायचा असेल तर नुसतं पाणी बाटलीत भरून पाठवू नये. भारतीय कोळशात गंधक कमी आणि राख जास्त, त्यामुळे अमेरिकेचे आकडे इथे गृहीत धरता येत नाहीत, मोजावेच लागतात. पावसाळ्याच्या तोंडावर, विण्याआधी, एकाच जातीच्या पाच ते दहा पिकलेल्या माद्या घ्याव्यात. प्रत्येकीचं अंडाशय वेगळ्या पिशवीत गोठवावं, बरोबर स्नायूचा तुकडा, तळातल्या किड्यांचा एक नमुना, आणि राखेचं पाणी न पोचणाऱ्या दुसऱ्या तलावातला हाच संच. त्याच दिवशी बारीक जाळं ओढून त्या जातीची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सापडते का तेही बघावं. मोठे मासे भरपूर आणि बोटुकली एकही नाही, आणि कुणी बाहेरून बीज सोडत नसेल, तर अंडाशयाच्या पिशव्या आधी तपासायला पाठवाव्यात.